नडगीचें दुखणें आणि धांवणाऱ्याचा धीर



पावसाळा संपून मैदानें कोरडीं पडूं लागलीं, म्हणजे आपल्या शाळांतून क्रीडास्पर्धांचे वारे वाहूं लागतात. पहाटेच्या वेळीं फिरावयास निघालें, तर अंधारांतच धांवणारीं मुलें ठिकठिकाणीं भेटतात. कोणी शालेय स्पर्धेची तयारी करीत असतो, तर कोणाचा थोरला भाऊ किंवा बहीण पोलीसभरतीच्या चाचणीकरितां कंबर कसून निघालेली असते. त्या चाचणींत मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धांवावें लागतें, हें आपणांस ठाऊकच आहे. हा उत्साह पाहून कोणाही शिक्षकास आनंद होईल. परंतु पंधरा-वीस दिवस लोटले, कीं यांपैकीं कित्येक जण रस्त्यावर दिसेनासे होतात. विचारपूस केली तर बहुधा एकच उत्तर मिळतें: "सर, नडगी फार दुखते."

हें दुखणें कां होतें, तें कसें टाळावें, आणि तें टाळून दमसास कसा वाढवावा, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. या लेखाच्या मुळाशीं माझी स्वतःची एक जुनी चूक आहे, आणि ती प्रथम सांगणें मला उचित वाटतें.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलाची तीन हजार मीटरांच्या शर्यतीकरितां निवड झाली. तोंवर तो नियमानें कधीं धांवला नव्हता. पण निवड होतांच तो रोज पहाटे डांबरी रस्त्यानें चार-पांच किलोमीटर धांवूं लागला. दुसऱ्या आठवड्यांत त्यानें मला नडगी दुखत असल्याचें सांगितलें. मी त्याला म्हणालों, "अरे, नव्यानें धांवूं लागलें म्हणजे पाय दुखावयाचेच. सोसल्यावांचून कांहीं मिळत नाहीं." मुलगा आज्ञाधारक होता, त्यानें सोसलें. चौथ्या आठवड्यांत तो लंगडत शाळेंत आला. क्ष-किरणाच्या पहिल्या चित्रांत कांहीं दिसलें नाहीं, म्हणून आणखी कांहीं दिवस तसेच गेले. पुढील तपासणींत नडगीच्या हाडास बारीक चीर गेल्याचें आढळलें. शर्यतीच्या दिवशीं तो मैदानाच्या कडेला कुबडी घेऊन बसला होता आणि आपल्या सोबत्यांच्या नांवानें ओरडून त्यांस उत्तेजन देत होता. त्याच्या वडिलांनीं मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. परंतु दोष माझाच होता. दुखण्याचा अर्थ न जाणतां मीं सहनशीलतेचा उपदेश केला होता.

नडगीच्या आंत काय घडतें?

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत आपल्या पायांत दोन हाडें असतात. त्यांपैकीं जाड हाडाची कडा पुढल्या बाजूस कातडीखालींच हातास लागते, हीच नडगी. या हाडावर एक पातळ आवरण असून त्यांत संवेदना नेणारे तंतु पुष्कळ असतात. पोटरीचे कांहीं स्नायु याच हाडाच्या मागील व आंतील बाजूस चिकटलेले असतात. धांवतांना प्रत्येक पावलीं पाय जमिनीवर आदळतो, व त्या क्षणीं त्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारें दोन ते तीन पट भार येतो. गणिताचा तास समजून एक हिशेब करून पाहा. ४५ किलो वजनाचा मुलगा मिनिटास १६० पावलें टाकीत दहा मिनिटें धांवला, तर एकंदर १६०० पावलें होतात, म्हणजे प्रत्येक पायास ८००. आणि प्रत्येक वेळीं त्या पायानें ९० पासून १३५ किलोपर्यंत भार झेलावयाचा! या भारानें नडगी अगदीं किंचित् वांकते व पुन्हां सरळ होते.

हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तु, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. जर्मन शस्त्रवैद्य युलियस वोल्फ यांनीं १८९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना बदलते, असा सिद्धांत मांडला. पुढील संशोधनानें त्यांत दुरुस्त्या झाल्या, तरी मूळ गोष्ट खरी ठरली. हाडांत दोन प्रकारच्या पेशी सतत काम करीत असतात. एका प्रकारच्या पेशी झिजलेला भाग कोरून काढतात, व दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागीं नवें हाड भरतात. जुन्या घराची भिंत दुरुस्त करतांना गवंडी आधीं खिळखिळा भाग पाडतो आणि मग नवें बांधकाम करतो, तसाच हा प्रकार आहे. पाडण्याचें काम कांहीं आठवड्यांत उरकतें. बांधून तें पक्कें होण्यास मात्र महिने लागतात. मधल्या काळांत भिंत पूर्वीपेक्षां कमजोर असते. नेमका त्याच काळांत आपण भार दुप्पट केला, तर काय होणार हें सांगावयास नको.

या अतिभारानें नडगीच्या आंतल्या कडेला, विशेषतः खालच्या अर्ध्या भागांत, ठणका लागतो. धांवणारे लोक त्यास इंग्रजींत शिन स्प्लिंट्स म्हणतात. स्नायूंच्या ओढीनें हाडावरील आवरण दुखावतें कीं हाडच थकतें, याविषयीं तज्ज्ञांत एकमत नाहीं. परंतु सवयीपेक्षां अधिक भार थोड्या काळांत पडणें हें याचें मुख्य कारण होय, याविषयीं दुमत नाहीं.

दम लवकर वाढतो, हाड सावकाश

आतां या लेखांतील मुख्य गोष्टीकडे वळूं. नियमानें धांवूं लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच शरीरांतील रक्ताचा द्रवभाग वाढूं लागतो, व हृदय एका ठोक्यास पूर्वीपेक्षां अधिक रक्त पुढें लोटूं लागतें. पुढील कांहीं आठवड्यांत स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात, आणि प्राणवायूच्या साह्यानें शक्ति निर्माण करणारे पेशींतील सूक्ष्म घटकही वाढतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत मुलास वाटूं लागतें, कीं आतां आपणांस दम लागत नाहीं; आपण कितीही धांवूं शकूं. त्याचें म्हणणें खोटें नसतें; परंतु तें केवळ हृदयापुरतें व फुप्फुसांपुरतें खरें असतें. त्याच वेळीं त्याच्या नडगींत दुरुस्तीचें काम अर्ध्यावर असतें. दम पुढें निघून जातो, व हाड मागें राहतें. या दोहोंमधील अंतरांतच नडगीचें दुखणें जन्मास येतें. यास्तव, ज्या दिवशीं तुम्हांस सर्वांत अधिक हुरूप वाटेल, त्याच दिवशीं सर्वांत अधिक सावध राहा.

कोणी म्हणेल, कीं खेड्यांतील मुलें कोणताही क्रम न आंखतां धांवतात, त्यांस कांहीं होत नाहीं. बीड जिल्ह्यांतील मांडवा गांवचे अविनाश साबळे यांनीं २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत रौप्यपदक मिळविलें. लहानपणीं त्यांस रोज शाळेस कित्येक किलोमीटर जावें-यावें लागे, हें प्रसिद्धच आहे. अशा मुलाची तयारी महिन्याभराची नसून अनेक वर्षांची असते. त्याचीं हाडें नकळत घडत आलेलीं असतात. जो मुलगा वाहनानें शाळेंत येतो व सायंकाळीं घरांत बसतो, त्यानें एकाएकीं त्याची बरोबरी करूं जाणें शहाणपणाचें नव्हे.

दमसास कसा वाढवावा?

प्रथम मंद गतीनें, पुष्कळ दिवस, वेग त्यानंतर. हा विचार जगांत रुजविण्याचें पुष्कळसें श्रेय न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड यांस आहे. हे गृहस्थ कांहीं काळ पादत्राणांच्या कारखान्यांत काम करीत. त्यांच्या शिष्यांपैकीं पीटर स्नेल यांनीं ८०० मीटरांची व मरे हॅलबर्ग यांनीं ५००० मीटरांची शर्यत १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्यें जिंकली. लिडियार्ड यांनीं पुढें सामान्य प्रौढ माणसांसही मंद धांवण्याचा नाद लाविला. १९६२ सालाच्या अखेरीस अमेरिकेंतील प्रख्यात प्रशिक्षक बिल बाउअरमन तेथें गेले असतां, आपल्याहून कितीतरी वयस्कर माणसें आपणांस मागें टाकून सहज धांवतात, हें पाहून ते थक्क झाले. परत गेल्यावर त्यांनीं एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साह्यानें या विषयावर लिहिलेलें पुस्तक १९६७ सालीं निघालें, आणि जॉगिंग हा शब्द अमेरिकेंत घरोघरीं गेला.

मंद गति म्हणजे किती? यास घड्याळाची आवश्यकता नाहीं. धांवतां धांवतां बाराचा पाढा मोठ्यानें म्हणून पाहा. तो न अडखळतां म्हणतां आला तर गति योग्य आहे. दर दोन आंकड्यांनंतर श्वास घ्यावा लागला, तर गति अधिक आहे, असें समजून चालूं लागा. चालण्यांत मुळींच कमीपणा नाहीं.

अगदीं नवशिक्यानें पुढील क्रम ठेवावा. आठवड्यांतून तीनच दिवस धांवावें, व मध्यें किमान एकेक दिवस विश्रांति द्यावी. प्रत्येक वेळीं आरंभीं पांच मिनिटें झपाझप चालावें. त्यानंतर पहिले दोन आठवडे एक मिनिट धांवणें व दोन मिनिटें चालणें, असें आठ वेळां करावें. तिसऱ्या व चौथ्या आठवड्यांत दोन मिनिटें धांवणें व दोन मिनिटें चालणें, असें सहा वेळां. पांचव्या व सहाव्या आठवड्यांत चार मिनिटें धांवणें व दोन मिनिटें चालणें, असें चार वेळां. सातव्या व आठव्या आठवड्यांत सात मिनिटें धांवणें व एक मिनिट चालणें, असें तीन वेळां. नवव्या आठवड्यांत अकरा मिनिटें धांवणें व एक मिनिट चालणें, असें दोन वेळां. आणि दहाव्या आठवड्यांत वीस मिनिटें सलग. नवव्या आठवड्यापर्यंत एकूण वेळ चोवीस मिनिटांचाच राहतो. त्यांतील धांवण्याचा वांटा मात्र आठ मिनिटांवरून बावीस मिनिटांवर जातो. एखाद्या आठवड्याचा क्रम जड वाटला, तर तोच पुन्हां करावा. त्यांत लाज मानूं नये.

हा पाया झाल्यावरच वेगाचा किंवा चढावाचा अभ्यास सुरू करावा, आणि त्यांतही एक नियम पाळावा: अंतर, वेग व चढाव यांपैकीं एका वेळीं एकच गोष्ट वाढवावी. दर चौथ्या आठवड्यांत धांवणें थोडें कमी केल्यास हाडास सांवरण्यास अवकाश मिळतो. यावरून उघड आहे, कीं स्पर्धेची किंवा भरतीची तयारी जाहिरात निघाल्यावर नव्हे, तर तीन-चार महिने आधीं सुरू झाली पाहिजे.

पाऊल, जोडा, जमीन व व्यायाम

पाऊल फार लांब टाकूं नये. पाय शरीराच्या बराच पुढें पडला, म्हणजे टांच जोरानें आदळते व तो धक्का नडगीवर जातो. त्यापेक्षां पावलें किंचित् आंखूड व थोडीं अधिक जलद टाकावीं, म्हणजे प्रत्येक पावलावरील भार कमी होतो.

जोडा महागच असला पाहिजे असें नाहीं. परंतु तो पायास नीट बसणारा, बोटांपुढें अंगठ्याएवढी जागा असणारा व तळ न झिजलेला असावा. पातळ तळाच्या कॅनव्हासच्या जोड्यांनीं डांबरी रस्त्यावर रोज धांवणें नवशिक्यानें टाळावें. आंत मऊ तळवा घातल्यास कांहीं जणांस लाभ होतो. ज्यांस अनवाणी धांवण्याची लहानपणापासून संवय आहे त्यांची गोष्ट निराळी. परंतु जोडा एकाएकीं टाकून देणें किंवा मातीवरून एकदम डांबरी रस्त्यावर येणें, असे आकस्मिक फेरबदल पायास मानवत नाहींत. रस्ता कडेला उतरता असतो. त्याच्या एकाच बाजूनें सदैव धांवल्यास एका पायावर अधिक ताण पडतो. शाळेच्या मैदानावर गोल धांवतांनाही मधून मधून दिशा बदलावी.

पोटरीचे स्नायु बळकट असले, म्हणजे नडगीवरील भाराचा पुष्कळ भाग तेच उचलतात. याकरितां एक दिवसाआड भिंतीस हात टेकून दोन्ही टांचा सावकाश उचलाव्या व सावकाश खालीं आणाव्या. आरंभीं दहा वेळां करून हळूहळू पंधरा-पंधरांच्या तीन फेऱ्यांपर्यंत जावें. त्यानंतर हेंच एका पायावर करावें. दुसरा व्यायाम असा, कीं भिंतीस पाठ टेकून, टांचा जमिनीवरच ठेवून, पायांचे चवडे वर उचलावे. यानें नडगीच्या पुढील स्नायु तयार होतो. धांवण्यापूर्वीं पाय ताणण्याची पद्धत सर्वत्र आहे. परंतु ऑस्ट्रेलियाच्या सैन्यांत नव्यानें दाखल झालेल्या १५०० हून अधिक तरुणांवरील एक पाहणी २००० सालीं प्रसिद्ध झाली, तींत अशा ताणण्यानें पायांच्या दुखापतींत म्हणण्यासारखी घट आढळली नाहीं. म्हणून पांच मिनिटें ताणून घेतल्यानें आपण सुरक्षित झालों, अशी समजूत करून घेऊं नये.

दुखूं लागल्यास

धांवण्याच्या दुसऱ्या दिवशीं पोटऱ्या व मांड्या जड वाटणें साहजिक आहे. तें दोन-तीन दिवसांत जातें. नडगीचें दुखणें निराळें, आणि तें ओळखण्याची एक साधी रीत आहे. खालीं बसून अंगठ्यानें नडगीची आंतली कडा घोट्यापासून वर हळूहळू दाबीत जा. दुखरा भाग पांच सेंटिमीटर, म्हणजे सुमारें तीन बोटें, किंवा त्याहून अधिक लांब पसरलेला असेल, तर तें बहुधा वर सांगितलेलें साधें दुखणें होय. अशा वेळीं धांवणें थांबवावें; फडक्यांत गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटें लावल्यास ठणका कमी होतो. जोराचें तेलमालीश करून हाड बरें होत नाहीं. दुखऱ्या हाडावर रगडूं नये. वेदनाशामक गोळी घेऊन धांवणें तर अगदीं वर्ज्य समजावें. कारण ती गोळी दुखणें घालवीत नाहीं, केवळ त्याचा आवाज बंद करते. या काळांत दुखत नसेल तर पोहणें किंवा सायकल चालविणें यांनीं दम टिकवितां येतो. अर्धा तास झपाझप चालूनही नडगी दुखली नाहीं, व दाबल्यावरही दुखली नाहीं, म्हणजे पूर्वीच्या निम्म्यापासून पुन्हां आरंभ करावा.

परंतु वेदना एकाच बिंदूवर, बोट ठेवून दाखवितां येईल अशी असेल. स्वस्थ बसलें असतां किंवा रात्रीं झोपेंत दुखत असेल. चालतांना लंगडावें लागत असेल. किंवा धांवतांना पोटरी दगडासारखी घट्ट होऊन पाऊल बधिर होत असेल, तर त्याच दिवशीं धांवणें सोडून डॉक्टरांस दाखवावें. हाडाची बारीक चीर पहिल्या क्ष-किरणचित्रांत पुष्कळदां दिसत नाहीं; म्हणून "चित्रांत कांहीं नाहीं" एवढ्यावर मुलास पुन्हां मैदानावर पाठवूं नये. अशी चीर वेळींच ओळखली तर बहुधा दोन-तीन महिन्यांत भरून येते. दुर्लक्ष केल्यास हाड पुरतें मोडूंही शकतें.

पालकांस विनंति

हाड बांधावयाचें तर सामग्री पाहिजे, आणि ती घरच्या स्वयंपाकघरांतूनच यावयाची. आपली नाचणी या कामीं उत्तम आहे. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तिच्या जोडीस दूध, दही, तीळ, डाळी व पालेभाज्या असाव्या, आणि अंगावर ऊन पडावें. वाढत्या वयाच्या मुलास आठ ते दहा तास झोप मिळावी. पहाटे चार वाजतां उठवावयाचें, तर रात्रीं अकरापर्यंत जागवूं नये.

मुलींच्या मातांस विशेष सांगावयाचें आहे. नडगीचें दुखणें मुलांपेक्षां मुलींत अधिक आढळतें. धांवणाऱ्या मुलीनें वजन कमी करण्याच्या नादानें जेवण तोडलें, तर तिचीं हाडें कमजोर होतात. धांवूं लागल्यावर तिची मासिक पाळी बंद झाली किंवा अनियमित झाली, तर तो शरीरास अन्न अपुरें पडत असल्याचा इशारा असूं शकतो. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. तिनें आईस सांगावें, व आईनें तिला डॉक्टरांकडे न्यावें. मुलींनीं धांवूंच नये असा याचा अर्थ कोणीं काढूं नये. त्यांनीं अवश्य धांवावें, आणि पोटभर जेवून धांवावें.

शेवटीं त्या मुलाविषयीं. सुमारें तीन महिन्यांनीं डॉक्टरांनीं त्यास परवानगी दिली. या खेपेस मीं त्याच्याबरोबर मैदानावर जाऊन एक मिनिट धांवणें व दोन मिनिटें चालणें येथूनच आरंभ करविला. सोबती हंसत, तोही कधीं कधीं चिडे. मीं त्याची क्षमा मागितली, तेव्हां तो संकोचून म्हणाला, "सर, मींही तुम्हांला खरें किती दुखतें तें सांगितलें नव्हतें." दुसऱ्या वर्षीं तो त्याच शर्यतींत धांवला व पांचवा आला. पदक मिळालें नाहीं; पण शर्यत संपल्यावर तो माझ्याकडे चालत आला, लंगडत नव्हे.

पौल प्रेषितानें ख्रिस्ती जीवनास शर्यतीची उपमा दिली आहे. ती वाचतांना आपलें लक्ष बहुधा बक्षिसाकडे जातें. परंतु धीरानें धांवणें हाही त्या शिकवणुकीचाच भाग आहे. दुखणें लपवून सोसणें म्हणजे धीर नव्हे. दम भरलेला असतां, पाय पुढें ओढीत असतां, ठरलेल्या मिनिटास थांबून चालूं लागणें, हा खरा धीर होय. आणि तो शिकण्यास मैदानासारखी दुसरी शाळा नाहीं. या वर्षीं तुम्हांपैकीं जे कोणी पहाटे धांवावयास निघतील, त्यांनीं शिक्षकांस व आईवडिलांस आपलें दुखणें वेळींच सांगावें, आणि आम्हीं वडील माणसांनीं तें नीट ऐकून घ्यावें, एवढीच माझी विनंति आहे.